पुकारूनही गैरहजर

कोर्टाच्या त्या इमारतीत तीन मजले होते, एक बंद पडलेली लिफ्ट होती आणि एक भोंगा होता. भोंगा म्हणजे कारखान्याचा नव्हे, माणूस. तिसऱ्या मजल्यावरच्या कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्याचं काम. तोंडावर सगळे त्याला मामा म्हणत. भोंगा हे नाव पाठीमागचं. पाठीमागचं म्हणजे त्याला ऐकू जाईल इतपतच पाठीमागचं, त्यामुळे ते त्यालाही माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आवाज जन्माचाच. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हा बिचारा हळूच "पाणी द्या" म्हणाला, तर शेजारच्या घरातून पाणी आलं, असं त्याची बायको अजून येईल-जाईल त्याला सांगते. घरात या आवाजाचा त्रासच होता. कोर्टात मात्र त्याला मोल होतं, कारण कोर्टाचा नियम तीन हाकांचा. तीनदा पुकारून माणूस आला नाही, तर तो गैरहजर. गैरहजर म्हणजे दावा फेटाळला, विषय संपला.

मामाला हे काम शिकवणाऱ्या जुन्या पुकारणाऱ्याने त्याची चालही शिकवली होती. पहिली हाक दारातून. मग व्हरांडा संपेपर्यंत चालत जायचं आणि दुसरी हाक जिन्याच्या तोंडावरून. मग अर्धा जिना उतरून, कठड्यावर ओणवं होऊन तिसरी. "पहिली हाक कानासाठी," म्हातारा सांगायचा, "दुसरी पायांसाठी आणि तिसरी देवासाठी. मधे वेळ सोडायचा. माणसाला मजले चढायचे असतात, बाबा." मामा तसा वेळ सोडायचा. तिसऱ्या हाकेला धापा टाकत वर पोचलेली माणसं त्याने कितीतरी बघितली होती. त्यांच्याकडे तो जरा उपकार केल्यासारखा बघायचा, एवढा एक दोष सोडला तर काम चोख.

अकरा वर्षांपूर्वी साहेब आले. साहेब म्हणजे न्यायाधीश. आले तेव्हा केस काळे, कोट जरा मोठा, आणि बोलणं इतकं मऊ की मामालाच कानोसा घ्यावा लागायचा. त्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट मामा सगळ्यांना सांगायचा. तीन हाका झाल्या, माणूस आला नाही. समोरचा वकील आनंदाने उठला. साहेब म्हणाले, "थांबा जरा," आणि चक्क खुर्चीवरून उतरून खिडकीशी गेले. खाली बघून म्हणाले, "तो बघा, निळा शर्टवाला, पळत येतोय. तोच असणार. मामा, त्याला आधी पाणी द्या, मग आत आणा. दमलेल्या माणसाला धड बोलता येत नाही." मामा त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाला, "देवमाणूस आलाय!" बायको म्हणाली, "बरं. जरा हळू सांगा, शेजाऱ्यांनाही कळलं."

तेव्हा साहेबांच्या खाली टेबलाशी बडे कारकून बसायचे. वाळलेलं, चिडकं माणूस. साहेबांचं काही चुकलं की ते पेन्सिलीने टेबलावर टकटक करायचे, वर न बघता. साहेब थांबायचे, विचार करायचे, कधी म्हणायचे, "हो, ते राहिलंच." कधी रागवायचे. पण थांबायचे. चौथ्या वर्षी बडे कारकून निवृत्त झाले. त्यांच्या जागी जो आला, तो पेन्सिल फक्त कान खाजवायला वापरायचा. वरच्या कोर्टातून तपासणीला दरसाल कुणीतरी यायचं, तेही यायचं थांबलं. का थांबलं ते कुणी विचारलं नाही. जे येणार नाही त्याची चौकशी करून कोण आणेल?

मग हळूहळू सुरू झालं. एकदम काहीच झालं नाही, तेच तर वाईट. एकदम झालं असतं तर कुणीतरी ओरडलं तरी असतं.

आधी साहेब म्हणाले, "मामा, ते जिन्यापर्यंत जाणं कशाला? तुमचा आवाज इथूनच पुरतो की." मामाला ते कौतुक वाटलं. तिन्ही हाका दारातून होऊ लागल्या. वर्षभराने साहेब म्हणाले, "मधे एवढा वेळ का जातो?" तिन्ही हाका एका दमात होऊ लागल्या, एक्स्प्रेस गाडी छोट्या स्टेशनातून जाते तशा. मग नव्या कारकुनाने एक रबरी शिक्का करून आणला. 'तीन वेळा पुकारूनही गैरहजर.' खाली मामाच्या सहीपुरती रेघ. शिक्का आल्यावर काम फारच सोपं झालं. समोर पक्षकार दिसला नाही की साहेब मान वर न करता विचारायचे, "झाला पुकारा?" मामा म्हणायचा, "झाला साहेब." कारकून ठप्प करून शिक्का मारायचा आणि संध्याकाळी मामा सगळ्या रेघांवर ओळीने सह्या करायचा. 'मामा, तुम्ही'चं 'अरे, तू' कधी झालं, तेही मामाच्या लक्षात आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मामाने तेव्हाच का नाही म्हटलं? म्हणणार होता. पण सातव्या वर्षापर्यंत त्या खोलीतून 'नाही' हा शब्द इतका गेला होता की आणायचा म्हटला तरी कुठून आणणार? वकील 'जशी साहेबांची इच्छा' म्हणत. टंकलेखक बाई साहेबांचं वाक्य संपायच्या आधीच टाइप करून मोकळ्या होत. साहेबांनी विनोद केला की चारही बाजूंनी हशा, आणि त्यात पहिला हशा मामाचा. म्हणजे हसायचाही पुकारा त्यानेच करायचा. साहेब वाईट झाले, असं मात्र कुणी म्हणू नये. ते मामाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत, टंकलेखक बाईंचे डोळे दुखले तर डॉक्टरचा पत्ता देत. फक्त बडे कारकून गेल्यापासून त्यांना कुणी 'साहेब, चुकलं' म्हणालं नव्हतं, आणि असं झालं की माणसाला वाटायला लागतं, आपलं चुकतच नसावं. त्यांनाच काय, आपल्यालाही वाटेल. फक्त आपल्याला तेवढी संधी मिळत नाही.

या सगळ्यात घड्याळजी आले.

बाजारातल्या कोपऱ्यावर घड्याळजींचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मधली फट. आत एक माणूस बसला की दुकान भरलं. जागामालकाला ती फट हवी होती, शेजारच्या शोरूमचा दरवाजा रुंद करायला. घड्याळजींनी कोर्टातून मनाई आणली होती आणि सहा वर्षं ती टिकून होती. तिसऱ्या वर्षी त्यांचे वकील वारले. नवा वकील शोधण्याऐवजी घड्याळजींनी कागद स्वतःच वाचायला घेतले. म्हणायचे, "भिंग डोळ्याला लावलेलंच आहे. किड्याएवढा स्क्रू दिसतो, कायदा दिसणार नाही?"

त्यांची एकच अडचण होती, गुडघे. तीन मजले चढायचे तर त्यांना वीस मिनिटं लागत, आणि वर बसायला बाक नव्हता. मामानेच तोड काढली होती. "तुम्ही खाली जिन्याजवळच्या बाकावर बसा, घड्याळजी. तुमचं आलं की मी हाक मारीन. माझा आवाज तळघरातसुद्धा पोचतो."

"आणि मला चढायला वेळ लागतो त्याचं?"

"तुमच्यापुरता मी जिन्यावर येऊन हाक मारीन. मधे वेळ सोडीन. आपलं ठरलं."

आणि ठरल्याप्रमाणे मामा दोन वर्षं करत आला होता. घड्याळजींचा नंबर जवळ आला की तो आधीच तीन-चार नंबर अलीकडे जिन्यावर जाऊन एक हाक देऊन यायचा. घड्याळजी सकाळी साडेनऊला, इमारतीचं दार उघडायच्या आधी हजर असत. सबंध शहरात वेळेवर येणारा हा एकच माणूस असावा, आणि तो धंदाच घड्याळांचा करत होता म्हणून कुणाला त्याचं कौतुकही नव्हतं.

त्या दिवशी यादीत घड्याळजी एकतिसावे होते. अठ्ठाविसाव्या प्रकरणाला मामा जिन्याकडे निघणार, तेवढ्यात साहेबांनी त्याला चष्म्याचं घर आणायला आत पाठवलं. ते टेबलावर नव्हतं, कोटाच्या खिशात होतं. ते घेऊन मामा परत आला तेव्हा एकोणतीस आणि तीस आटोपले होते. म्हणजे ठप्प, ठप्प. मामा दाराशी आपल्या जागी उभा राहतो न राहतो तोच साहेबांनी विचारलं, "झाला पुकारा?"

"झाला साहेब," मामाचं तोंड म्हणालं.

मामा म्हणाला नाही, त्याचं तोंड म्हणालं. इतकी वर्षं जे अंगवळणी पडलं होतं, ते त्याला न विचारता बाहेर पडलं. कारकुनाने शिक्का मारला. जागामालकाचा वकील अर्धा उठला. आणि मग मामाने कारकुनाच्या हाताखालची फाइल बघितली. हिरव्या दोऱ्याची. घड्याळजी फाइल बांधायला स्वतःचा हिरवा दोरा आणत.

"साहेब," मामा म्हणाला, "माणूस खाली आहे. बसलाय खाली. बोलावतो."

साहेबांनी मान वर केली. रागावलेले नव्हते. जरा गंमत वाटल्यासारखे. "पुकारा झाला ना?"

झाला म्हणावं तर घड्याळजी गेले. नाही म्हणावं तर आत्ताचं 'झाला' खोटं. आणि आत्ताचं खोटं, तर कालचं?

"म्हणजे... साहेब, आवाज पोचला नसेल."

"तुझा?" साहेब म्हणाले, आणि सगळी खोली हसली. कारकून हसला, बसलेले वकील हसले, टंकलेखक बाई टाइप करता करता हसल्या. "बाई, घ्या. वादी तीनदा पुकारूनही गैरहजर. दावा काढून टाकण्यात येत आहे. मनाई उठवण्यात येत आहे. पुढचं?"

मामा धावला. या वयात, या पोटासह, दोन दोन पायऱ्या. घड्याळजी बाकावर बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी, हातात डबा, अजून न उघडलेला. मामाने त्यांना दंडाला धरून उठवलं. एका मजल्यावर ते थांबले, म्हणाले, "आज हाक ऐकलीच नाही मी. कान गेले वाटतं." कान शाबूत होते, हे सांगायला जीभ उचलली नाही.

ते आत पोचले तेव्हा छत्तिसावं चाललं होतं.

"साहेब, मी साडेनऊपासून इथंच आहे," घड्याळजी कठड्याला धरून म्हणाले.

"रेकॉर्डवर नाही," साहेब म्हणाले, आणि मग समजुतीच्या सुरात, "फेरदाखलीचा अर्ज द्या. बघू."

संध्याकाळी मामाने रजिस्टरवर सह्या केल्या. सतरा रेघा होत्या. एकतिसाव्या प्रकरणाच्या रेघेवर पेन थांबला. कारकून बॅग खांद्याला लावून उभा होता. "मामा, उरका ना. माझी बस जाईल." मामाने सही केली. का केली, असं त्याने स्वतःला पुढे पुष्कळदा विचारलं. कारकुनाची बस जाईल म्हणून, हे उत्तर इतकं हलकं होतं की तो ते मनातसुद्धा पुरतं म्हणायचा नाही.

घरी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मग सांगा ना खरं. अर्ज आला की सांगा, पुकारा झालाच नव्हता."

"सांगतो."

"आणि ते विचारतील, याआधीचे झाले होते का?"

मामाने ताट बाजूला सारलं.

"एकट्या घड्याळजींपुरतं खरं कसं सांगणार तुम्ही?" बायको म्हणाली. "सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. नऊ महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला." मग जराशाने तिनेच म्हटलं, "तरी सांगा. घरात एवढा आवाज करता, एकदा तिथं करा."

अर्जाची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. जागामालकाला बारा दिवस पुष्कळ होते. आठव्या दिवशी दुकानाला त्याचं कुलूप लागलं. घड्याळजींना आतलं सामान दोन पोत्यांत भरून दिलं. त्यात लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं होती, कुणाचं कोणतं ते लिहिलेल्या चिठ्ठ्या निघून गेलेली. मामा भेटायला गेला तेव्हा घड्याळजी घरी जमिनीवर चादर पसरून त्या चिठ्ठ्या जुळवत होते. "तुम्ही सांगणार आहात ना मामा, मी खाली होतो म्हणून?"

"सांगणार," मामा म्हणाला.

"मग झालं," घड्याळजी म्हणाले. "कोर्टाचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी काय लागतं? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तारखेच्या सकाळी साहेबांनी मामाला आतल्या खोलीत बोलावलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मामाला वाटलं, आता बोलणी बसणार. तसं काही झालं नाही. साहेब खिडकीशी उभे होते. तीच खिडकी.

"तू काहीतरी सांगणार आहेस म्हणे?"

"साहेब, त्या दिवशी पुकारा झाला नव्हता."

"तू झाला म्हणालास."

"सवयीने म्हणालो साहेब. आता बरीच वर्षं... आपण पुकारा करतच नाही."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले, आणि मामाच्या लक्षात आलं की ते लपवत नाहीत, धमकावत नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "काहीतरीच काय," ते म्हणाले. "रोज पुकारा होतो. मी रोज विचारतो. रोज विचारणारा न्यायाधीश दाखव मला या इमारतीत दुसरा." आणि मग काळजीने, "तुझी तब्येत बरी आहे ना? जिने धावत चढलास म्हणे त्या दिवशी. या वयात नको."

मामाला निळ्या शर्टवाला आठवला. ती आठवण काढून द्यावी, असं अगदी ओठांवर आलं. पण समोरच्या माणसाला त्याचीच गोष्ट सांगायची, तर सुरुवात कुठून करणार? 'तुम्ही एकदा चांगले होता' हे वाक्य साहेबांना कसं म्हणतात, ते मामाला कुणी शिकवलं नव्हतं.

अकरा वाजता कोर्ट भरलं. घड्याळजी त्या दिवशी खाली बसलेच नाहीत. दार उघडल्याबरोबर चढायला लागून, व्हरांड्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले होते. त्यांचा नंबर आला. मामाने, समोर माणूस उभा असताना, दारातून पहिली हाक मारली. मग व्हरांडाभर चालत जाऊन दुसरी. मग अर्धा जिना उतरून तिसरी. आत सगळे एकमेकांकडे बघत होते. परत येऊन तो आपल्या जागी उभा राहिला नाही, घड्याळजींच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"अर्जदाराचं म्हणणं आहे की पुकारा ऐकू आला नाही," जागामालकाचा वकील हसत म्हणाला. "या इमारतीत, या मामांचा!"

"पुकारा झाला नव्हता," मामा म्हणाला.

तो ओरडला नव्हता, पण आवाज त्याचाच. खालच्या मजल्यावर टायपिंगचे आवाज थांबले. शेजारच्या कोर्टातून कुणीतरी डोकावलं. "मी खोटं सांगितलं. एकाही माणसाला हाक मारली नव्हती. बरीच वर्षं मारली नाही."

टंकलेखक बाईंची बोटं कळांवर टेकून थांबली. त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"हे घेऊ नका," साहेब त्यांना म्हणाले. शांतपणे, एखादा शब्द चुकला की खोडायला सांगावं तसं. "पुकारणाऱ्याचं काम पुकारण्याचं, साक्ष देण्याचं नाही. रजिस्टर आणा."

रजिस्टर आलं. एकतिसावं प्रकरण. शिक्का आणि खाली मामाची सही, रोजच्यापेक्षा जरा ठळकच, कारण पेन थांबला होता तिथं.

"सही तुझी?"

"माझी."

"बाई, घ्या. नोंदीवरून तीन वेळा पुकारा झाल्याचं स्पष्ट आहे. अर्ज नामंजूर."

बाईंची बोटं पुन्हा चालू झाली. एवढ्या मोठ्या आवाजातलं ते वाक्य कुठंच उतरलं नाही. घड्याळजींना कळलं नाही की संपलंय. ते अजून कागदांची पिशवी सोडत होते. मामाने त्यांचा हात धरला तेव्हा म्हणाले, "थांबा, माझं बोलणं राहिलंय." हिरव्या दोऱ्याची गाठ सुटत नव्हती.

वरच्या कोर्टात जायचं तर हुकमाची नक्कल लागते, म्हणून दिवसभर घड्याळजी ती मिळायची वाट बघत खाली बाकावर बसून होते. मामाला दुपारी एक चिठ्ठी मिळाली. पुढच्या सोमवारपासून तिसऱ्या मजल्यावर घंटा आणि स्पीकर बसणार, त्याने तळमजल्यावर टपाल बघावं. शिक्षा नव्हती. खाली लिहिलं होतं, प्रकृतीच्या कारणास्तव.

पाच वाजता साहेब निघाले. व्हरांड्यात थांबून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "अरे, ड्रायव्हर कुठं गेला? हाक मार बरं."

मामाने दारातून हाक मारली. कुणी आलं नाही. मामा दाराशीच उभा राहिला.

"ऐकू गेलं नसेल," साहेब म्हणाले. "खाली झाडाखाली असेल बिचारा. जिन्यावरून मार ना. थोडा वेळ दे, येईल तो."

मामाने त्यांच्याकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ते खरंच ड्रायव्हरची वाट बघत होते.

मामा जिन्याच्या तोंडाशी गेला आणि दुसरी हाक दिली. मग अर्धा जिना उतरून, कठड्यावर ओणवा होऊन तिसरी दिली, इतकी मोठी की तिन्ही मजल्यांच्या भिंती घुमल्या. जिन्याच्या फटीतून त्याला खाली तळमजल्यावरचा बाक दिसत होता. हाक पोचली तसे घड्याळजी डबा बाजूला ठेवून, एक हात गुडघ्यावर टेकून उठत होते.

"तुमचं नाही, घड्याळजी," मामा वरून म्हणाला. "बसा."